डाव्या हातावरचे सात ठिपके

पऱ्हाटीला बोंडं फुटायला लागली की माझा डावा हात खाजतो. दरवर्षी. हसाल तुम्ही, पण खोटं नाही सांगत. कार्तिकातलं ऊन मऊ पडतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं कापसानं पांढरी व्हायला लागतात, आणि माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत सात ठिपक्यांची जी ओळ आहे ती जागी होते. वैद्याला दाखवलं. तो म्हणाला, थंडीनं कातडी कोरडी पडते, तेल लावा. असेल बाई. पण मग उजवा हात का नाही खाजत? त्याच्यावर तर मनगटभर मोर आहे. मोराला थंडी वाजत नाही का?

ही ओळ पाहून बायका विचारतात, "आजी, तुमी एवढ्या जणींचे हात फुलवले, अन् सोतःच्या हातावर ह्या मुंग्या काऊन काढल्या?" अमरावतीपासून अकोल्यापर्यंतच्या गावांत मी चाळीस वर्षं गोंदत फिरले. तुळशी काढल्या, विंचू काढले, चंद्रकोरी काढल्या. पण माझ्या डाव्या हातावर चित्र नाही. एक ठिपका फिका, एक फुगलेला, एक तर नुसता खड्डा. शेवटचा मात्र मोहरीच्या दाण्यासारखा गोल. नात पाटीवर अक्षरं गिरवायची, ती बघून मी म्हातारपणी लिहायला शिकले, तेव्हा तिला म्हटलं होतं, तुझी शाळा पाटीवर, माझी इथं.

ती शाळा एकाच हंगामाची होती. कापसाच्या त्या हंगामाची.

तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. कापसाला असा भाव आला होता की जुनी माणसंसुद्धा तोंडावर हात ठेवायची. सात समुद्रापलीकडं कुठं तरी भावाभावांत लढाई जुंपली होती म्हणे, त्यांचा कापूस अडला होता, म्हणून सगळ्या जगाला आमच्या काळ्या मातीची आठवण झाली होती. लढाई कुठली, कोणाची, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं तर काका म्हणाला, "तुले काय कराचं? लढून रायले तं लढू दे." बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. अमरावतीच्या रस्त्यानं सकाळपासून गाड्यांची रांग लागायची, आणि त्या रस्त्याच्या बाभळींना इतका कापूस अडकलेला असायचा की दुरून वाटावं, बाभळीलाच बोंडं आलीत. चिमण्यांची घरटी त्या साली पांढरी होती. आमच्या ओसरीच्या आढ्यावर एक होतं. पिल्लं त्या कापसात अशी बुडालेली असायची की नुसत्या चोची दिसायच्या.

आम्ही माळी. पऱ्हाटी आमची नव्हती, मळा होता. वांगी, कारली, दुधी, मिरच्या. बाबा आठवड्याला गाडी भरून अकोल्याच्या बाजारात भाजी न्यायचे. आणि आमच्या कारल्याच्या वेलामुळंच झिंगाबुढी आमच्याकडं यायची.

झिंगाबुढी गावोगाव फिरून गोंदायची. गोंदण्याची काजळी कालवायला तिला कारल्याच्या पाल्याचा रस लागे. दरवर्षी दिवाळीनंतर ती टोपलं घेऊन यायची, पाला खुडायची, आईशी बोलत बसायची आणि जाताना चार वांगी पदरात टाकून न्यायची. पोत्याएवढी बाई, आवाज मोटेच्या चाकासारखा. अंगावर इतकं गोंदण की कातडी कुठली आणि नक्षी कुठली ते समजू नये. फक्त उजव्या अंगठ्याखाली एक पांढरा व्रण होता. तो माझ्या बहिणीच्या दातांचा.

बनी माझी मोठी बहीण. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि सुईला अशी भ्यायची की गोधडी शिवतानाही ती दोरा ओवून सुई माझ्याकडं द्यायची. लहानपणी झिंगाबुढीनं तिच्या हनुवटीवर पहिला ठिपका दिला, तोच बनीनं तिचा हात कडकडून चावला आणि जी पळाली ती पऱ्हाटीत जाऊन बसली. बुढी तो व्रण साऱ्या गावाला दाखवत फिरायची. "हे पाय. म्या इले एक ठिपका देला, इनं मले चार देले."

हसण्यावारी गेलं ते. पण त्या साली बनीचं लग्न ठरलं, अकोल्याकडच्या एका माळ्याच्या घरी, आणि होणारी सासू पाहुणी म्हणून आली तेव्हा तिनं बनीचं मनगट हातात घेऊन उलटंसुलटं केलं. कोरं. तुळस नाही, काही नाही.

"आमच्या घरी तुयशीबिगर हातचं पानी कोनी पेत नाई," ती म्हणाली. रागानं नाही, सरळ सांगितलं. "माघात लगन धरू. तोवर हात सजवून ठेवा. नाई तं..." एवढं बोलून तिनं पानाला चुना लावला. पुढचं वाक्य तिनं सांगितलं नाही. आई पुढचे तीन महिने ते वाक्य स्वतःशी पुरं करत राहिली.

आता तुम्ही म्हणाल, यात काय अवघड? झिंगाबुढी होतीच की. होती, पण त्या साली तिच्या डोळ्यांत फूल पडलं होतं. ऊन-सावली कळायची, माणूस आवाजानं ओळखायची. तिची सून गोंदायची, तर ती वेचणीला गेलेली. सीतादही झालं, म्हणजे शेतात दहीभात ठेवून वेचणीला हात घातला, की त्या साली बायामाणसं घरात ठरतच नव्हती. कासारीण बांगड्यांची टोपली ठेवून वेचायला गेली, सुईण गेली, न्हावीण गेली. गावात एखादीच्या पोटात दुखायला लागलं तर शेतात जाऊन सुईणीला हाका माराव्या लागत.

"तुह्या सुनेले धाड ना व चार दिसाकरता," आई बुढीला म्हणाली.

"थे कायले येते? तिकडं ओटीत कापूस भरते. सुईले कोन इचारते आता?" बुढी म्हणाली. मग तोंड माझ्या बाजूला वळवून म्हणाली, "घरात पोट्टी हाय ना एक. दिवसभर मले इचारून रायली, हे काऊन अन् थे काऊन. तिले शिकवते."

आई उसळलीच. "आपन माळ्याची मान्सं! पोर सुया टोचत फिरली तं तिले सून करन कोन?"

"वांगे इकून पोट भरते, तं वांगे टोचून काऊन नाई?" बुढी म्हणाली. आणि बाबा ओसरीवरून बोलले, "लगन मोडन्यापरीस सुई धरलेली बरी." झालं. बुढीची माणसं वेचणीवर, ती आमच्या मळ्यातल्या खोपीत राहिली, आणि मी तिच्या हाताखाली.

वांग्यानं सुरुवात झाली. खरंच. वांग्याची साल माणसाच्या कातडीसारखी ताणलेली असते. आधी काडीनं काजळीची रेघ मारायची, मग रेघेवरून सुई. पहिल्या आठवड्यात मी आमच्या अख्ख्या वाफ्यातल्या वांग्यांवर तुळशी काढल्या. आई रोज तीच भाजी करायची आणि ताटात वाढताना म्हणायची, "घ्या, देवाचा परसाद." दोन-चार वांगी चुकून बाबांच्या पाटीत गेली. अकोल्याच्या बाजारात एका बाईनं एक उचलून विचारलं म्हणे, "काहो माळीबुवा, हे वांगं लगनाचं हाय काय?"

दुधीवर वळणं शिकले. रुईच्या पानावर हलका हात शिकले, कारण जोर झाला की पान चीक गाळतं आणि चोरी उघडी पडते. करडईच्या तेलाचा दिवा लावून वर खापर पालथं घालायचं, त्याच्या पोटाला धरलेली काजळी पिसानं काढायची. तिचा वास अजून माझ्या नाकात आहे. करपलेला, थोडा गोड. त्यात पाल्याचा कडू रस. बुढी बोट बुडवून जिभेवर ठेवायची आणि सांगायची, रस कमी आहे की जास्त. मीही ठेवून बघितलं. आठ दिवस जेवणाला चव नव्हती.

आणि माझे प्रश्न. काजळी काळी, मग हात हिरवा का होतो? हनुवटीला दुखतं तेवढं दंडाला का दुखत नाही? एका सुईपेक्षा तीन सुया एकदम टोचल्या तर कमी का वाटतं? बुढी म्हणायची, "गवत काया मातीतून येते, तं हिरवं काऊन? बस आता." पण एका गोष्टीचं तिनं नीट उत्तर दिलं. मी विचारलं होतं, तुला दिसत नाही, तर मी बरोबर टोचते की चूक ते तुला कळणार कसं?

"आयकून," ती म्हणाली. "सुई कातडीवर पडली का बोलते. टिक म्हनते. टिक आयकू आलं का थांबाचं. मुकी गेली तं लय खोल गेली समज. अन् रगत दिसलं तं काजयी वाहून गेलीच."

मी दिवसभर वांग्याला कान लावून बसले. आणि आला आवाज! इतका बारीक, की वाटावं आपल्याच दातांत काही तरी तुटलं. टिक. साल फुटल्याचा. त्याच्या पुढं सुई गेली तर नुसता मऊ गर, काही आवाज नाही. अजूनही सांगते, कोणी गोंदायला शिकायचं म्हटलं तर मी तिच्या हाताकडं नंतर बघते. आधी तिला गप्प बसता येतं का ते बघते. मला स्वतःला येत नाही, पण सुई हातात असली की येतं.

बुढीच्या सुया आमच्या गावच्या लोहारानं घडवलेल्या. जाड, काळसर, टोकाला जरा बोथट. तीन-तीनच्या जुड्या दोऱ्यानं बांधून शिंगाच्या नळीत ठेवलेल्या. मला त्या कधीच आवडल्या नाहीत. अशा राकट सुया बनीच्या हातात घालायच्या? जी दोरा ओवून सुई माझ्याकडं देते तिच्या?

आणि त्याच दिवसांत बाबांनी अकोल्याहून आईसाठी विलायती सुयांची पुडी आणली. कापसाच्या मागं मागं बाजारात काय काय यायला लागलं होतं. आरसे, छत्र्या, आणि ह्या सुया. निळा चकचकीत कागद, आत ओळीनं खोचलेल्या, केसासारख्या. मी एक काढून उन्हात धरली तर तिच्या अंगावरून ऊन घसरलं. दुधीत घातली. दुधीला कळलंही नाही. मला वाटलं, बस, हीच बनीची सुई. हिनं दुखणारच नाही.

झिंगाबुढीचा एक दंडक होता. सगळ्या गोंदणाऱ्यांचा असतो, निदान तेव्हा होता. नवी सुई आधी स्वतःच्या अंगावर. एक ठिपका. आठ दिवस थांबायचं, खपली पडली की पाहायचं, मगच दुसऱ्याच्या अंगाला लावायची.

बनीला बसवलं त्या सकाळी बुढी खोपीच्या दारात उन्हाला बसली होती. मी बांधलेली विलायती सुयांची जुडी तिनं बोटांत फिरवून पाहिली. "लय बारीक हाय," ती म्हणाली. "कुठली?"

"बाबानं आनली. अकोल्याची."

"सोतःवर टोचली काय?"

"हो बुढीमाय," मी म्हटलं.

टोचली नव्हती. कारण सांगते, आता कशाला लपवू. बनी एकटीच भ्यायची असं नव्हतं. मीही भ्यायची. माझ्या हनुवटीवरचे ठिपके फार लहानपणी दिलेले, ते मला आठवतही नव्हते. जाणतेपणी एक सुईसुद्धा मी अंगात घेतली नव्हती. दोन दिवस जुडी हातात घेऊन बसले, दंडापर्यंत नेली आणि परत आणली. मी बुढीला हो म्हटलं तेव्हा बनीनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, भ्याली. मग तिनं डोळे मिटले आणि हात पुढं केला.

सुई गेली हो, लोण्यात जावी तशी. पहिली टोच तुळशीच्या बुडाशी होती. मी टिक आवाजाची वाट बघत होते. तो आलाच नाही. सुई इतकी बारीक, इतकी गुळगुळीत, की कातडी कधी संपली ते तिनं सांगितलंच नाही. लाल थेंब वर आला. मी पुसला. पुढची टोच, पुन्हा थेंब. बनी ओठ चावून गप्प. बुढी दारातून म्हणाली, "आवाज काऊन येत नाई व?" मी म्हटलं, "चिमन्या कलकल करून रायल्या, म्हून." चिमण्या खरंच करत होत्या. म्हणजे अर्धं खरं होतं.

हळद लावली, तेल लावलं. आठ दिवस त्या हाताकडं सारं घर बघत होतं. आई रोज सकाळी विचारायची, "खपली पडली काय?" आठव्या दिवशी पडली. खाली तुळस नव्हती. दोन-तीन पानं, तीही राखेनं काढल्यासारखी. खोड नाही. आणि बुडाशी, जिथं पहिली टोच होती, तिथं एक डाग. निळा, पसरलेला, जोंधळ्याच्या दाण्याएवढा.

आई खालीच बसली. "घ्या," ती म्हणाली, "तुयस मांगतली होती, डाग भेटला. कोन पानी पेन हिच्या हातचं?" बनी हात पदराखाली घेऊन आत गेली. मी मात्र मळ्यात पळाले.

झिंगाबुढीनं बनीला बोलावून हातावरून अंगठा फिरवला. बराच वेळ. "रगत आलं होतं?" मला विचारलं. मी हो म्हटलं. "सोतःवर टोचली होती?"

गप्प बसणं बुढीला ऐकू यायचं.

ती ओरडली नाही. मला वाटत होतं तिनं ओरडावं. तिनं फक्त विचारलं, लग्नाला किती दिवस आहेत? मग बोटांवर मोजत म्हणाली, "कातडी महिनाभर बसू दे. पुसात एकडाव आनखी जमन. तिसऱ्या डावाले टाइम नाई. तवर तू पाय, कोनती सुई."

"मी पाहू? तूच सांग ना बुढीमाय."

"म्या सांगतलं होतं," ती म्हणाली.

तर हे असे आले सात ठिपके. पहिला बाभळीच्या काट्याचा, कारण बुढी म्हणाली होती की तिची आजी काट्यानं गोंदायची. तो पिकला, सुजला, रंग धरलाच नाही, खड्डा राहिला. पण काय सांगू, पहिली टोच घेतली आणि भीती अशी गेली की मला तिचाच राग आला. एवढंसं होतं हे? एवढ्याशासाठी मी बहिणीचा हात नासवला?

मग मला नादच लागला. दुसरा लोहाराच्या एकट्या सुईचा. दर दोन-तीन दिवसांनी एक नवा ठिपका. आईच्या वाकळीची सुई, लांब नि जाड, तिचा टिक सगळ्यांत मोठा, पण ठिपका फुगून वालाच्या दाण्यासारखा झाला. विलायती एकटी. विलायती तीन, आवळून बांधलेल्या, बनीला टोचल्या तशाच. मला बघायचं होतं, मी नेमकं काय केलं होतं. सारं बघायचं होतं. कोणती सुई किती काजळी धरते? पुसून टोचली तर काय? टोक सरळ धरलं तर, तिरपं धरलं तर? सकाळी उठले की आधी हात उन्हात धरायचा. कोणता लाल, कोणता काळा, कोणाची खपली उचलली. ओळीनं उभ्या असलेल्या माणसांची हजेरी घ्यावी तशी.

बाहेर कापूस येतच होता. दुसरी वेचणी, तिसरी वेचणी. रस्त्यावर गाडीवानांची भांडणं, अकोल्याकडं आगगाडीच्या रुळासाठी मातीची भर टाकून राहिल्याच्या गोष्टी, कोणाच्या सुनेनं पायात किती चांदी घातली त्याच्या गोष्टी. एका पाटलिणीनं तर बुढीला निरोप धाडला, मले तुयस नको, मनगटावर पऱ्हाटीचं बोंड काढून दे. आणि मी मळ्यात बसून विलायती सुईचं टोक विहिरीच्या काठावरच्या दगडावर घासत होते. कारण मला दिसलं होतं की अंग विलायतीचं चांगलं आणि टोक लोहाराचं. सडपातळ सुई जखम लहान करते, पण टोक जरा बोथट असलं तरच ती बोलते.

मग जुडी बांधायचा दोरा. नवा दोरा काजळीत भिजला की सैल पडायचा, सुया फाकायच्या. तीन तऱ्हेनं बांधून पाहिलं. शेवटी आईच्या जुन्या लुगड्याच्या काठातून एक धागा ओढला. शंभरदा धुतलेला, जो काय आखडायचा तो आखडून झालेला. तो टिकला. मला तेव्हाही गंमत वाटली होती. साऱ्या वऱ्हाडात नव्या कापसाचे डोंगर उभे, आणि माझ्या सुयांना पाहिजे होता सगळ्यांत जुना धागा.

सातवा ठिपका. टिक. थेंब नाही. आठ दिवसांनी खपली पडली, खाली हा, मोहरीचा दाणा. मी धावत गेले आणि हात बुढीच्या अंगठ्याखाली दिला. ती ओळीनं सगळे ठिपके चाचपत आली. सहा झाले, सातव्यावर अंगठा थांबला, पुढं गेला, परत आला.

"हा कोनी देला?" ती म्हणाली.

"म्या."

"बह्याड पोट्टी," ती म्हणाली. "माह्या सुयांपरीस बरा हाय." आणि हसली, इतक्या मोठ्यानं की विहिरीवरची कबुतरं उडाली.

पौषात, एका सकाळी, दव वाळल्यावर, बनीला पुन्हा बसवलं. यावेळी आई लांब उभी राहिली. बुढीनं विचारलं, "सोतःवर?" मी न बोलता हात तिच्या हातात दिला. मग बनीकडं वळले. तिचं मनगट गार होतं. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणली, डागाच्या जरा वर काडीनं वृंदावन काढलं, आणि पहिली टोच घेतली. टिक. बुढीनं मान हलवली. टिक. टिक. बनीचे डोळे मिटलेले होते. बुढी तिला म्हणाली, "सासूचं नाव घे मनात, मंग पाय, सुई कशी गोड लागते," आणि बनी हसली, आणि मी ओरडले, "हालू नको व!" सकाळभर ते चाललं. एक थेंब रक्त दिसलं नाही.

माघात लग्न झालं. सासूनं मांडवातच मनगट धरलं, उन्हाकडं वळवलं, आणि नखानं घासून पाहिलं. काही घरं कोळशानं काढून फसवायची, तिचंही खरं होतं. तुळस जागची हलली नाही. खालचा डाग तिनं पाहिला की नाही कोण जाणे. "पानी आन बाई," ती म्हणाली. बनीनं गडवा भरून आणला. सासूनं वरून तोंडात धार धरली आणि सगळा गडवा रिकामा केला. मी खांबाआडून तिचा गळा हलताना बघत होते. एवढं पाणी एका दमात पिणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

मग ती लढाई संपली म्हणे. भाव पडला. चांदीच्या शेंब्या एकेक करून उतरल्या, पायांतली चांदी उतरली. आगगाडी मात्र आली. झिंगाबुढी गेली, तिची शिंगाची नळी माझ्याकडं आली, त्यातल्या सुया मी बदलल्या. आता सुया गावच्या दुकानातही मिळतात. शिकायला येणाऱ्या पोरी पुडी उघडून विचारतात, आजी, ह्यातली कोणती? मी म्हणते, मला काय विचारता, तुमच्या हाताला विचारा. काहीजणी परत येत नाहीत. येतात त्यांच्या हातावर एक ठिपका असतो.

यंदा कार्तिकात बनी आगगाडीनं आली. दोन वर्षांपूर्वी ती एकटी पडली. बांगड्या गेल्या, जोडवी गेली, गळ्यातलं गेलं. बायकांच्या अंगावरून काय काय उतरवून घेतात आपल्याकडं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. ओसरीवर बसली होती तर तो हात मला फार रिकामा दिसला. आणि त्या रिकाम्या हातावर तुळस, हिरवीगार, आणि बुडाशी तो निळा डाग. तुळस हिरवी, डाग निळा. एकच काजळी, एकाच पाल्याचा रस. खोल गेलं की निळं दिसतं आणि वर राहिलं की हिरवं, एवढं मी चाळीस वर्षांत पाहिलं आहे. का, ते अजून कोणी सांगितलं नाही.

मी नळी घेऊन आले. म्हटलं, "बने, दे हात. त्या डागावर एक पान काढते. झाकला जाईन."

तिनं हात पुढं केला नाही. "राहू दे."

"काऊन? आता सुई चांगली हाय माही."

"तुले आठवते," ती म्हणाली, "त्या दिशी बुढीनं इचारलं होतं, सोतःवर टोचली काय म्हून?"

मी नळी मांडीवर ठेवली.

"तुही बाही वर सरकवली होती," बनी म्हणाली. "दोन्ही हात कोरे होते तुहे."

चाळीस-पंचेचाळीस वर्षं. आणि ही बाई एका शब्दानं बोलली नव्हती. मी विचारलं, "मंग तू हात काऊन देला व?"

"तू बी भेली होतीस," ती म्हणाली. "म्या म्हटलं, दोघी बी भेलो तं सुई कोन धरन?"

तिनं पदर मनगटावर ओढून घेतला. "थो डाग झाकाचा नाई," म्हणाली. "बाकीची तुयस गोंदनारनीनं काढली. थेवढाच माह्या बहिनीचा हाय. ठेव थे सुयांची नई. भूक लागली, वांगे भाज."

मी चुलीपाशी गेले. मळ्यातलं वांगं घेतलं, चांगलं ताणलेल्या सालीचं. भाजण्याआधी वांग्याला टोचावं लागतं, नाही तर ते चुलीत फुटतं. मी सुई टेकवली.

टिक.

तिथंच थांबले.